कठोर कोणास म्हणावे?



या सदरासाठी जी पत्रे येतात त्यांत बहुधा एखाद्या शब्दाचा अर्थ विचारलेला असतो, एखाद्या म्हणीचे मूळ विचारलेले असते, अथवा आमच्या भाषांतरातील एखादी चूक दाखवून दिलेली असते. अशा पत्रांना उत्तर देणे फारसे अवघड नसते. कोश उघडावा, चूक असेल तर ती कबूल करावी आणि पुढच्या पत्राकडे वळावे. परंतु गेल्या महिन्यात इंदूरहून एका भगिनींचे जे पत्र आले त्याने आम्हांला बरेच दिवस अडवून ठेवले. वरवर पाहता त्यांनीही एका शब्दाचाच अर्थ विचारला होता.

हकीकत थोडक्यात अशी. त्यांचा मुलगा अकरावीत शिकतो. शिकवणीच्या शुल्कासाठी दिलेले तीन हजार रुपये त्याने मित्रांबरोबर खर्चून टाकले, आणि दोन महिने तो घरी खोटे सांगत राहिला. गोष्ट उघडकीस आली तेव्हा वडिलांनी त्याला मारले नाही की शिवीगाळ केली नाही. त्यांनी तीन गोष्टी ठरविल्या. पहिली अशी की, मुलाला दरमहा हातखर्चासाठी जे पाचशे रुपये मिळतात ते रक्कम फिटेपर्यंत बंद. दुसरी अशी की, दिवाळीत सारे नातलग फराळाला जमतील तेव्हा त्याने उभे राहून आपला अपराध सर्वांसमक्ष सांगावयाचा. तिसरी अशी की, शेवटचा रुपया फिटेपर्यंत वडील त्याच्याशी बोलणार नाहीत. मुलाने निमूटपणे सर्व मान्य केले. दिवाळीचा तो प्रसंग उरकल्यावर तो आईजवळ येऊन एवढेच म्हणाला, "बाबा कठोर आहेत." वडिलांच्या कानी हे गेले तेव्हा ते म्हणाले, "मी कठोर नाही, न्यायी आहे. कठोर असतो तर हात उगारला असता." पत्राच्या शेवटी त्या भगिनी लिहितात, "दोघेही माझेच आहेत. तुम्ही या शब्दाचा अर्थ नीट सांगा, म्हणजे कोणाचे खरे ते मला कळेल."

एका पत्रावरून कोणाच्या घरचा निवाडा करणे आम्हांला शोभणारे नाही. मात्र शब्दाची छाननी करणे हे आमचे कामच आहे. आणि एखाद्या शब्दाची छाननी प्रामाणिकपणे केली की पुष्कळदा निवाड्याचे अर्धे काम त्यातच होऊन जाते, असा आमचा अनुभव आहे.

भाषांतर करणाऱ्याच्या टेबलावर इंग्रजीतला 'हार्श' हा शब्द वारंवार येतो आणि दर वेळी त्याला थांबावयास लावतो. इंग्रजीत तो मुळात स्पर्शाचा आणि चवीचा शब्द. हाताला खरखरीत लागणाऱ्या, जिभेला तुरट लागणाऱ्या वस्तूसाठी तो वापरीत. पुढे तो आवाजाला, प्रकाशाला, हवामानाला, बोलण्याला आणि अखेरीस न्यायाधीशाच्या निकालालाही लागू झाला. मराठीत मात्र या प्रत्येक ठिकाणी आपला शब्द वेगळा. आवाज कर्कश असतो, उजेड डोळ्यांत खुपतो, थंडी कडाक्याची असते, कापड खरखरीत असते, पत्र खरमरीत असते, शिक्षा जबर असते आणि मन निष्ठुर असते. या साऱ्यांत 'कठोर' हा शब्द मोठा विलक्षण आहे. हिंदी, बंगाली, गुजराती, कानडी या भाषांतही तो नांदतो, म्हणून आमच्या परप्रांतांतील वाचकांनाही तो परका वाटणार नाही. त्याची गंमत अशी की, तो निंदेलाही चालतो आणि स्तुतीलाही चालतो. कठोर परिश्रम, कठोर व्रत, कठोर आत्मपरीक्षण हे गुण. कठोर बोलणे, कठोर वागणूक, कठोर काळीज हे दोष. 'कडक'ची तीच तऱ्हा. इस्त्री कडक हवी, चहा कडक हवा, शिस्तही पुष्कळांना कडकच हवी असते. 'निष्ठुर'ला मात्र ही सवलत नाही. निष्ठुर परिश्रम असे कोणी म्हणत नाही.

इंदूरच्या घरातील वादाचे एक कारण येथेच सापडते. वडिलांच्या मनातील कठोरपणा हाताचा होता, मुलाच्या मनातील जिभेचा आणि मौनाचा. आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी हे दोन्ही प्रकार ओळखले होते. मनुस्मृतीत व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत 'दंडपारुष्य' म्हणजे मारहाण हे जसे एक पद आहे, तसे 'वाक्पारुष्य' म्हणजे बोलण्यातील कठोरता हेही एक स्वतंत्र पद आहे. पारुष्य म्हणजे खरखरीतपणा. शब्दानेही माणूस सोलवटतो हे त्या काळी ठाऊक होते. अर्थात त्याच ग्रंथात या अपराधांच्या शिक्षा वर्णावर्णाप्रमाणे कमी-अधिक ठरविल्या आहेत, आणि आज ते वाचताना ती विषमता कोणत्याही शिवीपेक्षा अधिक बोचते, हेही सांगितले पाहिजे. परंतु एवढे खरे की, हात उगारला नाही म्हणजे कठोरपणा झाला नाही, हे म्हणणे टिकावयाचे नाही.

तर मग कठोर म्हणजे जास्त, असे म्हणावे काय? योग्य तेवढी शिक्षा ती न्याय्य आणि त्याहून अधिक ती कठोर? व्याख्या सुटसुटीत दिसते. तिची परीक्षा पाहण्यासाठी आम्ही वाचकांना आपल्या देशाच्या इतिहासातील दोन खटल्यांची आठवण करून देतो. दोन्ही खटले एकाच कलमाखालील, दोन्हींतील आरोपी लोकांचे परम आदरणीय पुढारी, आणि दोन्हींत शिक्षा एकच: सहा वर्षे.

पहिला खटला १९०८ सालचा. त्या वर्षी ३० एप्रिल रोजी मुझफ्फरपूर येथे बाँबचा स्फोट होऊन दोन इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्या प्रसंगावर 'केसरी'त जे अग्रलेख आले त्यांवरून २४ जून रोजी लोकमान्य टिळकांना अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे खटला चालला. हेच दावर १८९७ साली बॅरिस्टर असताना टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. १९०८ साली मात्र त्यांनी टिळकांना जामीन नाकारला. टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला. नऊ ज्यूरींपैकी सात जणांनी त्यांना दोषी ठरविले, दोघांनी निर्दोष. २२ जुलैच्या रात्री निकाल झाला. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण व्हावयाची होती. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड, अशी शिक्षा झाली. काळ्या पाण्याची शिक्षा पुढे साध्या कैदेत बदलण्यात आली आणि टिळकांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडालेस झाली.

शिक्षा सुनावताना न्यायमूर्तींनी जे भाषण केले ते वाचण्याजोगे आहे. टिळकांचे ते लेख राजकीय चळवळीचे सनदशीर हत्यार आहेत असे म्हणणारे मन रोगट आणि विकृत असले पाहिजे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. आणि त्याच भाषणात ते असेही म्हणाले की, आपण देत असलेल्या शिक्षेला लोक अस्थानी दाखविलेली दया म्हणून नावे ठेवतील. वाचकांनी या दुसऱ्या विधानावर जरा थांबावे. कायद्याने त्या कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा देता येत होती. त्या मापाने पाहता न्यायमूर्ती स्वतःला दयाळू समजत होते. मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र तसे वाटले नाही. त्यांनी शिक्षेच्या एकेका वर्षाबद्दल एकेक दिवस, असा सहा दिवसांचा संप केला. टिळक मंडालेस असतानाच १९१२ साली त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. त्यांची सुटका झाली ती जून १९१४ मध्ये.

दुसरा खटला १९२२ सालचा. 'यंग इंडिया'तील तीन लेखांबद्दल महात्मा गांधींना १० मार्च रोजी अटक झाली, आणि १८ मार्च रोजी अहमदाबादेत शाहीबागेतील सरकारी विश्रामगृहात जिल्हा न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे त्यांचा खटला उभा राहिला. गांधीजींनी आरोप कबूल केला. एवढेच नव्हे, तर कायदा आपल्याला योग्य वाटत असेल तर मला जास्तीत जास्त शिक्षा द्या, नाहीतर राजीनामा द्या, असे त्यांनी न्यायाधीशांना सांगितले. ब्रूमफील्ड यांचे उत्तर संयमाचे होते. आपण आजवर ज्यांचे खटले चालविले अथवा पुढे चालवू, त्या सर्वांहून हा आरोपी निराळा आहे; राजकारणात ज्यांचे त्याच्याशी पटत नाही तेही त्याला उच्च ध्येयाचा आणि थोर आचरणाचा पुरुष मानतात, असे ते म्हणाले. परंतु कायदा व्यक्ती पाहत नाही, म्हणून शिक्षा देणे आपल्याला भाग आहे, असेही त्यांनी सांगितले. मग त्यांनी टिळकांच्या खटल्याचाच दाखला घेतला, टिळकांच्या पंक्तीस बसविल्याबद्दल आपली हरकत नसावी अशी आशा व्यक्त केली, आणि सहा वर्षांची साधी कैद फर्मावली. शेवटी ते म्हणाले की, पुढेमागे परिस्थिती पालटून सरकारला ही मुदत कमी करता आली, तर त्याचा आनंद आपल्याइतका कोणालाही होणार नाही.

गांधीजींनी उत्तरादाखल सांगितले की, टिळकांच्या नावाशी आपले नाव जोडले जाणे हा आपला मोठा बहुमान आहे, शिक्षा कोणताही न्यायाधीश देईल तितकी सौम्य आहे, आणि कामकाजात याहून अधिक सौजन्याची अपेक्षा आपल्याला करता आली नसती.

सहा वर्षे आणि सहा वर्षे. तीच मुदत, तेच कलम. एका निकालाला देशाने कठोर म्हटले, आणि दुसऱ्याला खुद्द शिक्षा भोगणाऱ्याने सौम्य म्हटले. तेव्हा कठोरपणा केवळ मोजपट्टीने मोजता येत नाही, हे उघड आहे. मग या दोन निकालांत फरक कोठे होता?

पहिला फरक असा की, एका न्यायाधीशाने कृत्याबरोबर कर्त्याच्या मनाचाही निवाडा केला. लेख कायद्याविरुद्ध आहेत, एवढे म्हणून न थांबता त्यांमागील मन रोगट आहे असे तो म्हणाला. शिक्षेसाठी या वाक्याची गरज नव्हती. दुसरा फरक असा की, ब्रूमफील्ड यांनी शिक्षा देण्याचे दुःख स्वतःकडे घेतले आणि दार किंचित उघडे ठेवले. शिक्षा भोगणाऱ्याला त्यातून एवढे कळले की, समोरचा माणूस मला माणूस म्हणूनच पाहत आहे. योगायोग असा की, ते दार खरोखरच उघडले. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना आंत्रपुच्छाचा विकार जडला, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यवैद्याने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, आणि फेब्रुवारीत सरकारने त्यांना मुक्त केले. शल्यवैद्याची सुरी पोट फाडते. पण तिला कठोर कोणी म्हणत नाही, कारण ती आवश्यक तेवढेच कापते आणि नंतर टाके घालते.

येथे एखादा चिकित्सक वाचक आम्हांला अडवील आणि म्हणेल, "गोड बोलून तुरुंगात टाकले, तर तुरुंग का गोड होतो? ज्या कायद्याने सरकारवर टीका करणे हाच गुन्हा ठरविला होता, तो कायदा राबविणाऱ्याच्या सौजन्याचे कौतुक कशाला?" आक्षेप अगदी रास्त आहे, आणि त्यातूनच आमच्या मते या शब्दाचा खरा उलगडा होतो. कठोर आणि अन्याय्य हे दोन वेगळे शब्द आहेत. १९२२ चा निकाल कठोर नव्हता, तरी तो अन्याय्य होता; कारण ज्या कायद्यावर तो उभा होता तो कायदाच परक्या सत्तेच्या सोयीसाठी केलेला होता. उलट एखादा निकाल न्याय्य असूनही कठोर असू शकतो. अपराध खरा, शिक्षा वाजवी, आणि तरी ती देण्याची रीत जखमेवर मीठ चोळणारी. इंदूरचे गृहस्थ जेव्हा म्हणतात, "मी कठोर नाही, न्यायी आहे," तेव्हा हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे ते गृहीत धरतात. तसे ते नाहीत. माणूस एकाच वेळी न्यायीही असू शकतो आणि कठोरही.

कठोरपणाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात कोणी वाईट शब्द बोलत नाही. त्यात दोष एवढाच की, समोरच्या माणसाकडे निराळे म्हणून पाहिलेच जात नाही. गोरखपूर जिल्ह्यातील चौरीचौरा येथे ४ फेब्रुवारी १९२२ रोजी जमावाने पोलीस ठाणे पेटवून दिले आणि आतील पोलीस प्राणास मुकले. कृत्य भयंकरच होते. गांधीजींनी त्यामुळे सारी चळवळ थांबविली. जानेवारी १९२३ मध्ये सत्र न्यायालयाने या प्रकरणी १७२ जणांना फाशीची शिक्षा दिली. पंडित मदनमोहन मालवीय यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात आरोपींची बाजू मांडली, आणि त्या न्यायालयाने प्रत्येकाचा भाग निरनिराळा तपासून फाशी कायम केली ती १९ जणांची. हे १९ हा आकडाही थोडा नव्हे. परंतु १७२ आणि १९ यांमधील जे अंतर आहे ते बव्हंशी पाहण्याचे आणि न पाहण्याचे अंतर आहे. सर्वांना एकाच सुतळीने बांधणारा न्याय कठोर होतो, मग सुतळी धरणारा हात कितीही शांत असो.

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट १९८३ साली कायद्याच्या भाषेत सांगितली. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केला तर त्याला फाशीच द्यावी, दुसरी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधीशाला नाही, असे भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ सांगत होते. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरविले. परिस्थिती पाहण्याचा अधिकारच जो कायदा काढून घेतो, तो न्याय्य असू शकत नाही, असा त्या निर्णयाचा इत्यर्थ आहे. ती दंड संहिताही आता राहिलेली नाही. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. परंतु त्या निर्णयातील तत्त्व कोणत्याही घरात लागू पडेल असे आहे. "आमच्या घरात खोटे बोलणाऱ्याला हीच शिक्षा," असे म्हणणारा वडीलधारा मनुष्य कलम ३०३ च आपल्या घरात चालवीत असतो.

म्हणून शिक्षाच नको, असा मात्र याचा अर्थ कोणी काढू नये. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आरंभीच दंडाचे तीन प्रकार मांडले आहेत. तीक्ष्ण दंड देणाऱ्याला लोक भितात, मृदू दंड देणाऱ्याला जुमानीत नाहीत, आणि यथार्ह म्हणजे ज्याला जसा योग्य तसा दंड देणाऱ्याला मान देतात, असे तो सांगतो. तीन हजार रुपये उडवून दोन महिने खोटे बोलणाऱ्या मुलाला "जाऊ दे, लहान आहे," म्हणून सोडणे हेही त्याचे अहितच होय. आणि कठोरपणा कोणाच्या दिशेने आहे हेही पाहावे लागते. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यावर, या पापाला देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही, असे खुद्द राघोबादादांना तोंडावर सांगणारे रामशास्त्री प्रभुणे आपण आदराने आठवतो. त्यांचे शब्द कठोर होते खरे. पण ते सत्ताधीशाला उद्देशून होते आणि त्यांची किंमत स्वतः शास्त्रीबुवांना मोजावी लागणार होती. दुबळ्यापुढे कठोर होण्यास तेवढे धैर्य लागत नाही. मूल, विद्यार्थी, घरकामाची बाई, हाताखालचा मनुष्य यांच्याशी बोलताना आपण जी निर्भीड स्पष्टोक्ती करतो ती वरिष्ठांपुढे किती टिकते, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे.

येथे 'आम्ही' हा संपादकी शब्द सोडून 'मी' म्हणणेच बरे. चार वर्षांपूर्वी एका वृद्ध लेखकाने माझ्याकडे हिंदीवरून केलेल्या एका कथेचे भाषांतर पाठविले. भाषांतर सदोष होते. मी मोठ्या परिश्रमाने त्यातील चौदा चुका खुणा करून दाखविल्या, आणि शेवटी समासात लिहिले, "हे आपले काम नव्हे." हस्तलिखित परत पाठविताना मला आपल्या स्पष्टवक्तेपणाचे समाधानच वाटले होते. आठवड्याने त्यांचे पोस्टकार्ड आले. अक्षर थरथरते होते, मजकूर दोनच ओळींचा. "चौदा चुका दाखविल्याबद्दल आभारी आहे. त्या सर्व मान्य. पंधरावे वाक्य मात्र भाषांतराविषयी नव्हते, माझ्याविषयी होते." मी क्षमा मागणारे पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही, आणि पुढे त्यांचे लेखनही कधी आले नाही. माझ्या चौदा खुणा कडक होत्या, आणि त्या तशाच असावयास हव्या होत्या. कठोर होते ते पंधरावे वाक्य. तेव्हापासून कोणतेही हस्तलिखित परत करण्यापूर्वी मी समासात पंधरावे वाक्य आहे काय, एवढे पाहतो. दावर यांच्या भाषणातील 'रोगट मना'चे ते वाक्य वाचताना मला ते पोस्टकार्ड आठवल्यावाचून राहत नाही.

आता इंदूरच्या भगिनींना काय सांगावे? त्यांच्या पतींनी ठरविलेल्या तीन गोष्टींपैकी पहिली, म्हणजे रक्कम फेडून घेणे, आम्हांला कडक वाटते, कठोर वाटत नाही. जेवढे घेतले तेवढे परत, त्यात कमी नाही आणि जास्तही नाही; आणि सहा महिन्यांनी ती गोष्ट पूर्ण मिटते.

दुसरी गोष्ट, फराळाच्या वेळी सर्वांसमक्ष कबुली, ही मात्र कठोर होती असे आम्हांला नम्रपणे म्हणावेसे वाटते. मुलाने फसविले होते ते आईवडिलांना. काकांना, आत्यांना, मावसभावंडांना नव्हे. त्यांच्यापुढे उभे केल्याने एक रुपयाही लवकर फिटला नाही. शिवाय पैसे परत करता येतात, ती घटका परत घेता येत नाही. पुढील प्रत्येक दिवाळीत ती त्या घरात फराळाला येऊन बसेल. येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शाळेत शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. कायदा घरात शिरत नाही आणि या मुलाचे वयही त्याहून मोठे आहे. पण शाळेत आठवीच्या मुलाला जे करावयाचे नाही असे देशाने ठरविले, ते घरी अकरावीच्या मुलाला करताना क्षणभर तरी थांबावे.

तिसरी गोष्ट, मौन, ही कठोर होईल की नाही हे अजून वडिलांच्या हाती आहे. त्या मौनाला मुदत आहे हे चांगले. पण सहा महिने हा सतरा वर्षांच्या मुलाला फार मोठा काळ. त्यांनी रक्कम माफ करू नये. त्यांनी एवढेच करावे की, एखाद्या संध्याकाळी मुलाला जवळ बसवून सांगावे, "हप्ते चालू राहतील. पण न बोलण्याचे मला तुझ्याइतकेच जड गेले." याने शिक्षा पातळ होत नाही. ब्रूमफील्ड यांनी शेवटच्या वाक्यात जे केले तेच हे आहे.

आणि मुलालाही एक शब्द. "बाबा कठोर आहेत," असे तू म्हणालास. बाबांनी केलेल्या तीन गोष्टींपैकी एक कठोर होती, दुसरी कठोर होऊ पाहत आहे. एवढ्यावरून बाबा कठोर आहेत असे म्हणणे म्हणजे तुझेही ते पंधरावे वाक्यच झाले. "बाबांनी त्या दिवशी जे केले ते कठोर होते," असे म्हणून पाहा. हे वाक्य तू त्यांच्यासमोर उभे राहून म्हणू शकशील, आणि आमचा अंदाज असा की, ते त्यांना ऐकताही येईल. "बाबा कठोर आहेत" हे वाक्य फक्त आईजवळ, दाराआडच म्हणता येते.

सारांश, कठोर या शब्दाचा अर्थ कोशात एका ओळीत मिळतो, व्यवहारात मात्र तो चार प्रश्न विचारून मिळवावा लागतो. हे दुःख आवश्यक तेवढेच आहे काय? समोरचा माणूस त्याच्या परिस्थितीसह आपण पाहिला काय? निवाडा कृत्याचा आहे, की माणसाचाच केला? आणि परतीचे दार उघडे ठेवले काय? या चारही प्रश्नांना समाधानकारक उत्तर असेल तर निर्णय खुशाल कडक असावा. त्याला कठोर म्हणणारा चुकत असेल. एकालाही नसेल, तर निर्णय न्याय्य असूनही त्यात काहीतरी खरखरीत राहून गेले आहे, आणि ज्याच्या अंगाला ते लागले त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. कापड खरखरीत आहे की मऊ, हे विणणाऱ्यापेक्षा नेसणाऱ्याला आधी कळते.

इंदूरच्या भगिनींनी हा अंक फराळाच्या टेबलावर नव्हे, तर पतींच्या वाचनाच्या जागी ठेवावा, अशी विनंती आहे. इतर वाचकांनीही आपले अनुभव अवश्य कळवावेत. नाव छापू नये अशी इच्छा असल्यास तसे लिहावे; ते छापले जाणार नाही.